टीजी, गाईड आणि शिफारसपत्र: मेंटॉरशिपची संधी वर्गातल्या प्रत्येकापर्यंत कशी न्यावी

महाराष्ट्रातल्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्याला टीजी, म्हणजे टीचर गार्डियन, नेमलेला असतो. एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी हे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात लिहावं लागतं, अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मानांकन देणारी एनबीएही ही व्यवस्था तपासते. त्यामुळे कागदावर कुणीच उपेक्षित नसतं. पण शेवटच्या वर्षाच्या वर्गाकडे नीट पाहिलं तर शोधनिबंध, प्रोजेक्टसाठी मागणी असलेला गाईड, उन्हाळी इंटर्नशिप, परदेशी प्रवेशाचं शिफारसपत्र हे सगळं फिरून फिरून त्याच दहा-बारा जणांकडे गेलेलं दिसतं.

याचं कारण टीजीच्या यादीत कमी आणि ज्या संधींची यादीच होत नाही त्यांत जास्त सापडतं. कुणीतरी केबिनमध्ये डोकावतं, ‘सर, काही काम असेल तर सांगा’ म्हणतं आणि त्याला काम मिळतं. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही त्याला असं विचारायचं असतं हेच ठाऊक नसतं. ज्याला ठाऊक असतं त्यालाही, आडनाव किंवा बोली ऐकून समोरच्याचा चेहरा बदलतो हा अनुभव आलेला असेल तर, परत दार वाजवायची हिंमत होत नाही. म्हणून खालच्या सगळ्या कार्यपद्धतीचा गाभा एकच आहे: आज जे विचारणाऱ्याला मिळतं ते उद्यापासून लेखी नियमाने मिळावं.

आधी मोजा

विभागातल्या प्रत्येक शिक्षकाकडून मागच्या तीन बॅचची एक साधी यादी घ्या: कुणाला शोधनिबंधात सहलेखक केलं, कुणाचं नाव कंपनीला सुचवलं, कुणाला प्रयोगशाळेची किल्ली दिली, कुणाला शिफारसपत्र दिलं, हॅकेथॉनच्या टीममध्ये कुणाला घेतलं. नावाऐवजी फक्त रोल नंबर मागवा. मग प्रवेशाच्या नोंदींवरून त्या रोल नंबरांपुढे चार गोष्टी भरा: मुलगा की मुलगी, प्रवेशाचा प्रकार (पहिल्या वर्षापासूनचा की डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला), सामाजिक प्रवर्ग, आणि वसतिगृह, स्थानिक की अप-डाऊन.

ही जोडणी एकाच व्यक्तीने करायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी या गोष्टी आणल्या. तुमच्याकडे असा कक्ष चालता असेल तर हे काम त्याचं. प्रवर्गाचा रकाना असलेली शीट कुठल्याही टीजीच्या हाती पडता कामा नये आणि ग्रुपवर तर नाहीच नाही. विभागाला फक्त बेरजा दाखवायच्या. ज्या गटात पाचपेक्षा कमी विद्यार्थी असतील तो गट वेगळा छापायचा नाही, कारण तिथे आकड्यावरून माणूस ओळखू येतो.

हिशेबासाठी समजा वर्गात ७० विद्यार्थी आहेत आणि त्यांतले २१ थेट दुसऱ्या वर्षाला आलेले. शोधनिबंधाची संधी २० जणांना मिळाली, त्यांत हे दोघेच. म्हणजे त्यांच्यातल्या २१ पैकी २ जणांना, साधारण साडेनऊ टक्के. उरलेल्या ४९ पैकी १८ जणांना, साधारण ३७ टक्के. पहिल्या दराला दुसऱ्याने भागलं की ०.२६ येतं. अमेरिकेत नोकरभरती तपासताना हे गुणोत्तर ०.८ च्या खाली गेलं की कारण शोधायला लागतात. तीच रेघ इथेही वापरा. मात्र एका वर्गाच्या आकड्यावरून निकाल देऊ नका. संख्या लहान असते, एका विद्यार्थ्याने गुणोत्तर खालीवर होतं. तीन बॅच एकत्र धरूनही आकडा खालीच राहिला तर तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: त्या गटातल्या किती जणांनी अर्ज केला होता? अर्जच आले नसतील तर बिघाड जाहीर करण्याच्या पद्धतीत आहे. अर्ज आले आणि निवड झाली नाही तर बिघाड निवडीत आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि अर्जांची नोंदच ठेवलेली नसल्यामुळे बहुतेक विभागांना आपलं दुखणं नेमकं कुठलं हे कळत नाही.

टीजीच्या बॅच: रोल नंबरने कापू नका

सर्रास चालणारी पद्धत म्हणजे रोल नंबर १ ते १८ एका सरांना, १९ ते ३६ दुसऱ्या मॅडमना. दिसायला अगदी निःपक्ष. पण रोल नंबर आडनावाच्या अक्षरांवरून, नाहीतर प्रवेशाच्या क्रमाने पडलेले असतात. थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश उशिरा होतात, त्यामुळे त्यांचे नंबर शेवटी लागतात, ते सगळे शेवटच्या बॅचमध्ये जातात आणि ती बॅच बहुधा सर्वांत नव्या किंवा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे असते. ते शिक्षक पुढच्या वर्षी असतील की नाही याची खात्री नसते. कुणाच्याही मनात खोट नसताना एका गटाच्या वाट्याला तीन वर्षांत तीन टीजी येतात.

त्याऐवजी गट पाडून सोडत काढा. समजा ७२ विद्यार्थी, चार शिक्षक, प्रत्येकी १८.

१. चार याद्या करा: थेट दुसऱ्या वर्षाच्या मुली (समजा ४), तसे मुलगे (८), बाकीच्या मुली (२०), बाकीचे मुलगे (४०).

२. प्रत्येक यादीत रोल नंबरांपुढे स्प्रेडशीटच्या रँड फंक्शनने आकडा काढा आणि त्या आकड्याप्रमाणे यादी लावा. हे फंक्शन शीटमध्ये काहीही बदललं की नवे आकडे काढतं, म्हणून लावण्याआधी आकड्यांचा रकाना कॉपी करून फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा. हे विसरलं की दुसऱ्या दिवशी यादी वेगळीच दिसते आणि सोडतीवरचा विश्वास उडतो.

३. चारही याद्या एकाखाली एक ठेवा आणि पत्ते वाटावेत तसं वरून खाली १, २, ३, ४, पुन्हा १, २, ३, ४ असं वाटत जा. प्रत्येक शिक्षकाकडे १ आणि ५ मुली, २ आणि १० मुलगे येतील.

४. हे वर्गप्रतिनिधींसमोर, प्रोजेक्टरवर करा आणि अंतिम शीट त्याच दिवशी लावा.

उशिरा प्रवेश घेणाऱ्यांसाठी पहिल्या दिवसापासून प्रत्येक शिक्षकाकडे तीन जागा मोकळ्या ठेवा, म्हणजे ते एकाच ठिकाणी साचत नाहीत. मेकॅनिकलसारख्या शाखेत वर्गात मुली पाच-सहाच असतील तर त्यांना समान वाटू नका; प्रत्येक बॅचमध्ये एकटी मुलगी बसवण्यापेक्षा दोन बॅचमध्ये तीन-तीन बऱ्या.

मुलींना बाईच मेंटॉर द्यावी का? अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अभियांत्रिकीच्या १५० मुलींवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पहिल्या वर्षी वरच्या वर्गातली मुलगी मेंटॉर म्हणून मिळालेल्यांचा आत्मविश्वास आणि शाखेत टिकण्याचं प्रमाण चांगलं राहिलं. मुलगा मेंटॉर असलेल्यांत किंवा मेंटॉर नसलेल्यांत तसं दिसलं नाही. तेव्हा पहिल्या वर्षाला सिनियर मुलींची जोड नक्की द्या. पण विभागातल्या दोन मॅडमवर सगळ्या मुली आणि एका मागासवर्गीय सरांवर सगळे शिष्यवृत्तीचे विद्यार्थी टाकू नका. त्या शिक्षकांचं संशोधन मागे पडतं, आणि बाकीच्या शिक्षकांना आपलं काम संपलं असं वाटू लागतं.

प्रोजेक्टचा गाईड

इथे दोन चुका नेहमीच्या. ग्रुप मैत्रीतून बनतात, म्हणजे एकाच हॉस्टेलचे, एकाच गावचे, एकाच समाजाचे एकत्र. मग सीजीपीए जास्त असलेला ग्रुप आधी गाईड निवडतो. परिणामी ज्यांना शिकवण्याची सगळ्यांत जास्त गरज आहे ते उरलेल्या गाईडकडे जातात.

प्रत्येक शिक्षकाने दोन-तीन विषय लिहून द्यावेत: काय करायचं, आधी काय येत असावं, आठवड्याला किती तास, खर्च कोण करणार. खर्चाची ओळ गाळू नका. सेन्सर आणि पीसीबीचा (सर्किट बोर्डचा) खर्च विद्यार्थ्यांनी करायचा असेल तर तो विषय काहींसाठी आपोआप बंद होतो. ही यादी दहा दिवस लावलेली असावी. त्यानंतर ग्रुपांच्या क्रमाची चिठ्ठी काढा आणि त्या क्रमाने प्रत्येक ग्रुपने उरलेल्यांतला आपल्या आवडीचा विषय उचलावा. एका शिक्षकाकडे दोनच ग्रुप, आणि सगळ्यांचे दोन भरल्याशिवाय तिसरा नाही. या पद्धतीत डावपेचाला जागा नाही. खरी पसंती सांगण्यातच प्रत्येकाचा फायदा असतो.

‘मग गुणवत्तेचं काय?’ हा आक्षेप येणारच. गाईड हे बक्षीस नाही, शिकण्याचं साधन आहे. एखाद्या विषयाला खरोखर पूर्वतयारी लागत असेल तर ती लेखी सांगा आणि सगळ्यांना एकच छोटं काम देऊन तपासा. सीजीपीए हा त्या कामाचा पर्याय नव्हे.

ग्रुप ठरल्यावर आतली वाटणीही पाहा. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहाच्या टीममध्ये किमान एक मुलगी लागते. नियम चांगला आहे, पण पुष्कळदा टीम आधी पाच मुलांची ठरते, सहावं नाव नंतर शोधलं जातं आणि तिच्या वाट्याला पीपीटी येते. प्रोजेक्टमध्येही रिपोर्ट मुलींकडे आणि हार्डवेअर मुलांकडे हीच विभागणी. सिनॉप्सिससोबत भूमिकांचा तक्ता मागवा आणि दर सहा आठवड्यांनी भूमिका फिरवा. रिव्ह्यूमध्ये कोडचा किंवा सर्किटचा प्रश्न ज्याने ते केलं नाही त्याला विचारा. पहिल्याच रिव्ह्यूत असं झालं की पुढची वाटणी बदलते.

निवड करावीच लागते तेव्हा

सहा जागांना चाळीस अर्ज येणार असतील तर सोडत पुरत नाही. अशा वेळी आधी हे लक्षात घ्या की हेतू चांगला असणं पुरत नाही. २०१२ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात अमेरिकेतल्या विज्ञान शाखांच्या १२७ प्राध्यापकांना एकच अर्ज दिला, निम्म्यांना जॉन नावाने, निम्म्यांना जेनिफर नावाने. जॉन अधिक सक्षम वाटला, त्याला मार्गदर्शन करायची तयारी जास्त दिसली, आणि हा कल प्राध्यापक बायकांतही पुरुषांइतकाच होता. आपल्याकडे नावाइतकंच आडनाव बोलतं. म्हणून अर्जावरून नाव काढायचं तर पूर्ण काढा. ईमेल आयडीत आडनाव असतं, पीडीएफ फाईलच्या नावात असतं, ‘माझे वडील अमुक साखर कारखान्यात’ या वाक्यात गावही असतं. कार्यालयातल्या एका व्यक्तीने अर्जांना सांकेतिक क्रमांक द्यावेत आणि उत्तरं एका कोऱ्या फाईलमध्ये चिकटवून परीक्षकांना द्यावीत. सीईटीचे गुण, शाळेचं नाव, प्रवर्ग यांतलं काहीही त्यात नको.

प्रश्न तीन, प्रत्येकी शंभर शब्द, मराठीत किंवा इंग्रजीत. गुणांचे निकष अर्ज उघडण्याआधी ठरवा: चार निकष, प्रत्येकी ० ते ३, आणि ० म्हणजे काय, ३ म्हणजे काय हे एका ओळीत लिहिलेलं. दोन शिक्षकांनी एकमेकांशी न बोलता तपासावं. १२ पैकी ३ पेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्याकडे द्यावं. ‘कम्युनिकेशन स्किल’ हा निकष काढून टाका. त्या नावाखाली बहुतेक वेळा इंग्रजी उच्चाराला गुण पडतात. ‘पूर्वानुभव’ही जपून वापरा. तो ज्याला आधी संधी मिळाली त्यालाच पुन्हा मिळवून देतो. ‘हाताशी होतं त्यातून काय करून पाहिलं’ असं विचारलं तर पंप दुरुस्त करणारा आणि घरी आर्डुइनोसारखा इलेक्ट्रॉनिक्सचा बोर्ड असलेला दोघेही उत्तर देऊ शकतात.

मुलाखत घेतलीत तर सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उमेदवार बाहेर पडताच गुण. ‘पूर्ण नाव सांग, गाव कुठलं, वडील काय करतात’ ही सुरुवात बंद करा. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या, सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या २००७ च्या अहवालात, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत जात आडून किंवा थेट विचारली जाते अशा अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत. विचारणाऱ्याला तो गप्पांचा भाग वाटत असेल. ऐकणाऱ्याला त्यातला प्रश्न बरोबर कळतो.

जाहिरात किमान सात दिवस असू द्या आणि ती वर्गात वाचून दाखवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून भागत नाही, कारण ‘ऑफिशियल’ ग्रुपशेजारी दुसरा एक ग्रुप असतोच आणि संधी तिथे आधी पोहोचते. माहितीची बैठक सायंकाळी सहाला ठेवलीत तर शेवटची एसटी पकडणारे सगळे त्यातून गळतात. दुपारच्या सुट्टीत ठेवा.

नेमणुकीनंतरचा वेळ

सर्वांत जास्त गळती इथे होते आणि सर्वांत कमी लक्षही इथेच दिलं जातं. एका टीजीकडे २० विद्यार्थी आणि प्रत्येकाला महिन्यातून १५ मिनिटं धरली तर ३०० मिनिटं, म्हणजे आठवड्याला ७५. हा वेळ टाईमटेबलमध्ये छापलेला असला पाहिजे. दर आठवड्याला पाच जण, नावं आधीच लावलेली. वेळ छापलेला नसेल तर तो केबिनमध्ये येणाऱ्यांना जातो.

‘भेटायचं असेल तर मेल करा’ ही पद्धत का नको, याचाही पुरावा आहे. कॅथरीन मिल्कमन, मोडुपे अकिनोला आणि डॉली चुघ या संशोधकांनी अमेरिकेतल्या २५९ विद्यापीठांतल्या साडेसहा हजारांहून अधिक प्राध्यापकांना काल्पनिक विद्यार्थ्यांच्या नावाने भेटीची वेळ मागणारे सारखेच मेल पाठवले. गोऱ्या पुरुषी नावांना बाकीच्यांपेक्षा जास्त उत्तरं आली; त्या बाकीच्यांत भारतीय नावंही होती. आणि हा फरक भेट त्याच दिवशी मागितली तेव्हा नव्हे, तर आठवड्यानंतरची मागितली तेव्हा उघड झाला. ज्याला उत्तर द्यायचं की नाही हे मर्जीवर सोडलं, तिथे हा फरक डोकावतो. लावलेल्या यादीत मर्जी उरत नाही.

भेटीची नोंद तीनच खुणांत ठेवा: ‘ह’ म्हणजे हजेरी, फी, शिष्यवृत्तीचे फॉर्म, ‘अ’ म्हणजे अभ्यास, ‘स’ म्हणजे संधी, करिअर, संशोधन. सत्र संपल्यावर या खुणा मोजा. काही विद्यार्थ्यांच्या पानावर ओळीने ‘ह, ह, ह’ दिसेल: डिफॉल्टर लिस्ट, घरी फोन, महाडीबीटीचा अर्ज. काहींच्या पानावर ‘स’ भरपूर. दोघांनाही तितकीच मिनिटं मिळाली, पण एकाला मार्गदर्शन मिळालं आणि दुसऱ्याला तंबी. नियम करा की सत्रात प्रत्येकाच्या पानावर किमान दोनदा ‘स’ असलाच पाहिजे, विशेषतः ज्याचे केटी, म्हणजे नापास झालेले विषय, राहिले आहेत त्याच्या.

याच कारणासाठी ‘स्लो लर्नर’ आणि ‘अॅडव्हान्स्ड लर्नर’ या याद्यांवर लक्ष ठेवा. नॅकसाठी त्या बनतात, पहिल्या युनिट टेस्टवरून बनतात आणि पुढे वर्षभर दुसऱ्या यादीबाहेरच्यांना संधी सांगितलीच जात नाही. या याद्या जादा तासांसाठी वापरा, संधीसाठी नको.

पुरुष शिक्षक मुलींना एकटं भेटायचं टाळतात आणि त्यामुळे मुलींना कमी वेळ मिळतो, हेही घडतं. उपाय म्हणजे सगळ्याच भेटी, मुलांच्यासुद्धा, विभागाच्या ग्रंथालयात किंवा उघड्या दाराच्या खोलीत, ठरलेल्या वेळी. प्रयोगशाळेचे जादा तास मुलींच्या वसतिगृहाची वेळ बघून लावा. रात्री नऊनंतर चालणारं संशोधन काहींसाठी सुरूच होत नाही.

शिफारसपत्र

सर्वांसाठी एकच विनंतीपत्रक: कुठे, कशासाठी, अंतिम तारीख, विद्यार्थ्याने केलेली तीन कामं. वेळेत अर्ज करणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला पत्र मिळेलच असा विभागाचा शब्द. मग मजकूर. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकपदांसाठी आलेल्या ३०० हून अधिक शिफारसपत्रांच्या २००३ च्या अभ्यासात बायकांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांत शंकेची वाक्यं जास्त होती आणि भर मेहनतीवर होता. पुरुषांच्या पत्रांत संशोधनावर. आपल्याकडेही मुलगी ‘मेहनती, नम्र, वक्तशीर’ आणि मुलगा ‘हुशार, स्वतंत्र विचारांचा’. पत्र पाठवण्याआधी विशेषणांखाली रेघ मारा. प्रत्येक विशेषणापुढे एक केलेलं काम लिहिता येतं का बघा. येत नसेल तर विशेषण खोडा. ‘अडचणीच्या परिस्थितीतून आलेला असूनही’ हे वाक्य विद्यार्थ्याने स्वतः मागितलं नसेल तर लिहू नका.

बदल आणि तक्रार

सत्रातून एकदा, कारण न सांगता, टीजी बदलून मिळावा. अर्ज समन्वयकाकडे, त्या शिक्षकाच्या हातात नव्हे. विद्यार्थी गप्प राहतो तो टर्मवर्क आणि ओरलच्या गुणांच्या भीतीने. म्हणून गाईडने एकट्याने गुण देऊ नयेत. निम्मे गुण दुसऱ्या परीक्षकाकडे असावेत. प्रकरण विभागात सुटलं नाही तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिने तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे दाद मागता येते. समितीतल्या सदस्यांची नावं टीजीच्या पहिल्याच भेटीत विद्यार्थ्याच्या वहीत लिहून द्या.

कुठे फसतं

नॅकची टीम येण्याच्या आदल्या आठवड्यात वर्षभराच्या मेंटॉरिंग डायऱ्या एका बैठकीत भरल्या जातात, सगळ्या एकाच पेनाने. त्या नोंदींवर उभा राहिलेला कुठलाही आकडा निरुपयोगी असतो. डायरीऐवजी रोल नंबर, तारीख, खूण एवढ्या तीन रकान्यांचा ऑनलाईन फॉर्म ठेवा. तो भरल्याची वेळ आपोआप नोंदली जाते आणि एका नोंदीला अर्धं मिनिट पुरतं. एका दिवसाचं संवेदनशीलता प्रशिक्षण घ्यायला हरकत नाही, पण वाटपाचे नियम बदलले नाहीत तर दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत होतं.

शिक्षक कमी असतील आणि हे सगळं एकदम झेपत नसेल तर पहिल्या सत्रात तीनच गोष्टी करा: टीजीची सोडत, टाईमटेबलमधली ७५ मिनिटं, आणि प्रत्येक संधीची सात दिवसांची जाहीर सूचना. दोन सत्रांनंतर सुरुवातीचं गुणोत्तर पुन्हा काढा. अर्ज वाढले पण निवड तशीच राहिली, तर त्या संधीची निवड एकट्या शिक्षकाकडून काढून शेजारच्या विभागातला एक परीक्षक जोडा. अर्जच वाढले नाहीत तर त्या गटातल्या तीन-चार विद्यार्थ्यांना बोलावून एवढंच विचारा, की सूचना तुमच्यापर्यंत कधी आणि कुणाकडून आली.